डॉक्टर, फोन तुम्ही करा

प्रोस्टेटचं ऑपरेशन करून घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड देतात, त्याच्या तळाशी बहुतेक ठिकाणी एक ओळ असते : ‘काही त्रास वाटल्यास संपर्क साधावा.’ ही ओळ ज्याने लिहिली त्याला साठी उलटलेला मराठी पुरुष ठाऊक नसावा. आम्ही संपर्क साधत नाही. लघवी कपड्यात होते हे सांगायला आपण होऊन फोन उचलणारा माणूस माझ्या वयाच्या लोकांत मला तरी भेटलेला नाही. आम्ही गडद रंगाची पँट घालतो, लग्नकार्य टाळतो, कीर्तनाला दाराजवळची जागा धरतो आणि कुणी विचारलंच तर ‘बरं आहे की’ म्हणून मोकळे होतो.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. या ऑपरेशननंतरची बरीचशी देखरेख फोनवर, व्हिडिओवर होऊ शकते आणि व्हावी. पण तो फोन दवाखान्याने करावा, ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या वेळी. सगळं रुग्णाच्या मर्जीवर सोडायचं असेल, तर नुसता नंबर देऊन काही उपयोग नाही.

मी दापोली डेपोला कंडक्टर होतो. निवृत्तीनंतर काही वर्षांनी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. वेळेत कळला, मुंबईला ऑपरेशन झालं, ग्रंथी पूर्ण काढली. आमच्याकडे सगळ्यालाच ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ म्हणतात, पण त्यात दोन प्रकार आहेत. वयोमानाने ग्रंथी वाढून लघवी तुंबत असेल तर दुर्बिणीने आतला वाढलेला भाग काढतात. त्याला टीयूआरपी म्हणतात. बाहेरून चिरफाड नसते आणि नळी सहसा दोन-तीन दिवसांत निघते. कॅन्सर असला तर अख्खी ग्रंथी काढून मूत्राशय आणि खालचा मार्ग पुन्हा जोडावा लागतो, नळी आठवडाभर किंवा दोन आठवडेही राहते. मग लघवी धरून ठेवण्याचं काम मुख्यतः खालच्या एका स्नायूवर येतं आणि त्याला सराव नसतो. म्हणून नळी काढल्यावर खोकलं, शिंकलं, खुर्चीतून उठलं की गळतं. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींना वर्ष लागतं. हा वेळ माणूस दवाखान्यात नसतो, घरीच असतो, आणि कुणाचं लक्ष नसतं ते नेमकं तेव्हाच.

तपासणीला या म्हणतात. जरूर यावं. पण यायचं म्हणजे काय, ते मी सांगू शकतो. दापोली ते मुंबई दोनशे किलोमीटरच्या वर. घाट, खड्डे, माणगावची कोंडी. नोकरीत असताना एखादा म्हातारा खालमानेने जवळ यायचा आणि हळूच म्हणायचा, ‘मास्तर, जरा थांबवता का?’ घाटात वळणावर गाडी थांबवता येत नाही. मी ‘पुढच्या स्टँडला, बाबा’ म्हणायचो. तो खाली बसायचा, दर दोन मिनिटांनी खिडकीबाहेर बघायचा. आता त्या सीटवर मी आहे. सरकारने ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट केली, बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट केलं, चांगलंच केलं. पण आमच्यासारख्यांचा प्रश्न तिकिटाचा नाहीच, सहा-सात तास बसण्याचा आहे. एवढं करून गेल्यावर डॉक्टर रिपोर्ट बघतात, ‘गळती कशी आहे?’ विचारतात, आपण ‘कमी आहे’ म्हणतो आणि बाहेर येतो. ही विचारपूस करायला मला मुंबईला कशाला न्यायला हवं होतं?

आमच्याच डेपोच्या एका ड्रायव्हरचं टीयूआरपी झालं. दोन आठवडे छान गेले, मग एका सकाळी लघवी लाल. घरात रडारड. जीप ठरवून, खड्ड्यांतून हादरे खात चिपळूण गाठलं. तिथे कळलं की आतल्या जखमेची खपली दहा-पंधरा दिवसांनी सुटते, तेव्हा असं थोडं रक्त येतं. पाणी जास्त प्या, जोर करू नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जड उचलू नका. हेच कुणी दहाव्या दिवशी फोन करून सांगितलं असतं तर? आणि फोनवर दोनच प्रश्न विचारायचे होते : गाठी पडतात का, आणि लघवी सुटते का? गाठी पडत असतील किंवा धार बंद झाली असेल, तर मात्र जीप नव्हे, अँब्युलन्सच बोलवावी. साधी गोष्ट कोणती आणि धोक्याची कोणती, हे घरच्यांना त्या घटकेला कळत नाही. फोनवरच्या माणसाला ते विचारून घेता येतं.

माझ्या बाबतीत नशीब असं, की वॉर्डातल्या सिस्टरनी एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचा नंबर दिला आणि माझाही नंबर त्यांना कळवला. मी फोन केला नाही. अर्थातच. त्यांनी केला, आणि मग दर गुरुवारी दुपारी करत राहिल्या. पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी तब्येत विचारलीच नाही. पहिला प्रश्न होता, ‘काका, फोन कुणाच्या हातात आहे?’

फोन धाकट्या सुनेचा. तिनेच लावून दिलेला, तिच्याच हातात धरलेला. पोर गुणाची आहे, पण तिच्यासमोर मी लघवीचं काय बोलणार आणि त्यापुढचं काय बोलणार? मॅडम तिला म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही फोन काकूंकडे द्या आणि जरा चहा टाका.’ सून हसून आत गेली. त्यानंतर मी जे बोललो, ते मुंबईच्या ओपीडीत पडद्यापलीकडे चार माणसं बसलेली असताना कधी बोललो नसतो.

गावाकडच्या फोनवरच्या उपचारात रेंज ही अडचण आहेच, पावसाळ्यात तर फार. पण त्याहून मोठी अडचण एकाच घरातल्या एकाच चांगल्या मोबाइलची आहे. शहरातले जे लोक ही ॲप्स बनवतात त्यांना वाटतं, प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्या खिशात. इथे म्हाताऱ्याचा स्वतःचा फोन बटणांचा असतो, व्हिडिओचा फोन मुलाचा किंवा सुनेचा. म्हणून समोरच्याने आधी खोलीत कोण आहे ते विचारलं पाहिजे, आणि नाजूक प्रश्न साध्या बटणांच्या फोनवर, माणूस एकटा असताना विचारले पाहिजेत. व्हिडिओच हवा असा हट्ट कशाला? मॅडमनी आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली. कपडे काढून कॅमेऱ्यासमोर काहीही दाखवायचं नाही, तसं कुणी मागितलं तर फोन ठेवायचा. टाक्यांचा फोटो लागला तर तेवढ्याच जागेचा काढायचा, पाठवायचा आणि घरच्या फोनमधून पुसून टाकायचा.

व्यायाम शिकवायला त्यांना मी पूर्ण कपड्यांत चाललो. त्याला कीगल व्यायाम म्हणतात. अर्नॉल्ड कीगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये तो मांडला, मुख्यतः बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. बायकांसाठी काढलेलं औषध आम्हा पुरुषांच्या कामी आलं, हे आमच्या हिला फार आवडलं. पाठीवर निजायचं, गुडघे उभे, एक हात पोटावर. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आवळतो तसं आतून आवळायचं, पाच अंक मोजेपर्यंत धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं. ऐकायला सोपं. मी आवळायला लागलो की पोट दगड व्हायचं, ढुंगण उचललं जायचं आणि श्वास कोंडायचा. मॅडमना पडद्यावर माझं तोंड दिसत होतं. ‘काका, गाल फुगलेत. मोठ्याने मोजा.’ मोठ्याने मोजलं की श्वास कोंडता येत नाही, ही युक्ती. मी ओटीवर निजून मोठ्याने एक-दोन-तीन म्हणतोय, कुंपणापलीकडून शेजारी विचारतो, ‘काय ओ, तिकिटं मोजताय?’ पुढे बसून, मग उभ्याने आणि शेवटी मुख्य धडा : खोकण्याआधी, उठण्याआधी, कळशी उचलण्याआधी क्षणभर आवळायचं. नळी असेपर्यंत हा व्यायाम करायचा नाही, आणि लघवीची धार मध्येच तोडून रोज सराव करायचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

आणि इथे फोनने असं एक काम केलं जे दवाखान्याला कधी जमलं नसतं. मॅडम म्हणाल्या, ‘काकू, फोन घेऊन रात्री काका संडासला जातात त्या वाटेने चालत जा.’ ही फोन पुढे धरून निघाली. ओटी, दोन उंच पायऱ्या, परसात शेवाळलेला चिरा, बल्ब गेलेला, आणि शेवटी खाली बसायचं भांडं. मॅडम गप्प झाल्या. मग एकेक सांगत गेल्या. पायरीला कठडा, वाटेवर दिवा, रात्रीपुरता खोलीत लघवीचा डबा, संडासात धरायला पाइप. घाईची लघवी लागलेला म्हातारा रात्री अंधारात धावतो आणि पडून खुब्याचं हाड मोडतो, ही भीती तपासणीच्या खोलीत बसून कुणाला दिसत नाही. ‘जड उचलू नका’ तर सगळेच सांगतात. त्यांनी विचारलं, ‘घरात काय काय उचलता?’ पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, आणि मोसमात आंब्याच्या पेट्या. मग त्यातलं काय किती दिवस बंद, हे नावानिशी ठरलं.

मोजमाप हवं तर तेही घरी होतं. किती वाजता, किती पाणी प्यायलो, मापाच्या भांड्यात किती लघवी झाली, हे वहीत मांडायचं. रूट संपल्यावर हिशेब लिहायची सवय होती, जड गेलं नाही. पॅडचं वजन करायचं : कोरं किती, ओलं किती. जितके ग्रॅम जास्त, साधारण तितके मिलिलिटर गळाले. काजूगर तोलायचा छोटा डिजिटल काटा घरात होता. पॅड पिशवीत गुंडाळून तोललं तरी हिने तो काटा पुन्हा काजूला लावू दिला नाही, नवा आणावा लागला. वहीच्या पानाचा फोटो बुधवारी रात्री जायचा, गुरुवारी फोनवर त्यावर बोलणं. ‘कमी आहे’ या माझ्या उत्तराच्या जागी आकडे आले. टीयूआरपीवाल्यांसाठी जगभर सात प्रश्नांचा तक्ता वापरतात, ० ते ३५ गुणांचा. तोही फोनवर भरून घेता येतो.

एका गोष्टीत मात्र आवाजावर विसंबू नये. कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्याची पीएसए नावाची रक्ततपासणी ठराविक महिन्यांनी करावी लागते. ग्रंथीच काढलेली असल्याने आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो ०.२ च्या वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही वरच राहिला, तर डॉक्टर पुढचा विचार करतात. रक्त दापोलीतच देता येतं, त्यासाठी मुंबई नको. पण फाटक्या रेंजमध्ये ‘झिरो पॉइंट झिरो फोर’ सांगितलं तर पलीकडे ‘झिरो पॉइंट फोर’ ऐकू जाऊ शकतं, आणि धोक्याची रेघ त्या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये आहे. रिपोर्टचा फोटोच पाठवावा, आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करावी.

ज्या विषयावर सगळेच गप्प बसतात, त्यावर मी चार वाक्यं लिहितोच. या ऑपरेशननंतर नवरा-बायकोच्या संबंधात अडचण येते. कॅन्सरच्या ऑपरेशनात जवळच्या नसा दुखावतात, सुधारायला खूप महिने लागतात, काहींचं पूर्ण सुधारत नाही. टीयूआरपीनंतर बहुतेकदा वीर्य बाहेर न येता मूत्राशयाकडे जातं. त्याने अपाय होत नाही, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. कुणाला विचारायची लाज, म्हणून लोक मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळी आणतात. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी किंवा तशीच हृदयाची औषधं चालू असतील तर ही मेडिकलमधून आणलेली गोळी घेतल्यावर रक्तदाब धोकादायकपणे कोसळू शकतो. हा प्रश्न डॉक्टरने फोनवर, दार लावून बसलेल्या माणसाला विचारला तर खरं उत्तर मिळेल. मला विचारला तेव्हा मी दिलं.

काही डॉक्टर म्हणतात, हात लावल्याशिवाय रुग्ण कळत नाही. बरोबर आहे. नळी फोनवर निघत नाही. लघवीच्या धारेचा वेग मोजायला यंत्र लागतं, लघवी करून झाल्यावर आत किती उरली ते सोनोग्राफीत दिसतं. थंडी वाजून १०० च्या वर ताप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप, छातीत दुखणं, लघवी बंद होणं, यांतलं काहीही झालं तर व्हिडिओ कॉलची वाट बघत बसणं म्हणजे मूर्खपणा. चार-सहा महिन्यांनी धार बारीक होत चालली तर जोडलेली जागा आकसलेली असू शकते, तेव्हा जायलाच हवं. पण ही यादी सांगायला आणि ‘आता या’ म्हणायलाही कुणीतरी फोनवर हवाच ना?

माझ्या थोरल्या मुलाने, तो नालासोपाऱ्याला असतो, याबद्दल परदेशात काय झालंय ते शोधून वाचून दाखवलं. अमेरिकेत मेयो क्लिनिकने २०१५ मध्ये कॅन्सरचं हेच ऑपरेशन झालेल्या पन्नासेक रुग्णांची चाचणी छापली. निम्म्यांची पुढची भेट व्हिडिओवर, निम्म्यांची दवाखान्यात. समाधान सारखंच, प्रवास आणि खर्च व्हिडिओवाल्यांचा कमी. दुसरी गोष्ट माझ्या मॅडमना आवडणार नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनीही गळती असलेल्या पुरुषांना तज्ज्ञांनी समोर बसवून व्यायाम शिकवला, आणि वर्षाअखेरी इतर रुग्णांच्या तुलनेत गळतीत फरक दिसला नाही. मी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘माहीत आहे काका. पण तुम्ही व्यायाम करताय, घराबाहेर पडताय, लग्नाला गेलात. ते कुठल्या तक्त्यात मोजणार?’ मला पटलं. शरीर बरंचसं आपल्या वेगानेच सुधारतं. तोवर माणसाने घरात कोंडून घेऊ नये, आणि खरंच काही बिघडलं तर ते वेळेत कुणाच्या तरी लक्षात यावं, यासाठी तो गुरुवारचा फोन.

कायदा आडवा येत नाही. केंद्राने २५ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली काढली. त्याच डॉक्टरला त्याच आजारासाठी सहा महिन्यांत प्रत्यक्ष भेटलेले असाल, तर पुढचा सल्ला फोनवर, व्हिडिओवर किंवा लिहून देता येतो. डॉक्टर त्याची रीतसर फी घेऊ शकतात, आणि फोनवर भागणार नाही असं वाटलं तर प्रत्यक्ष बोलावूही शकतात. सरकारची ई-संजीवनीही आहे. तिचे १० कोटी सल्ले पूर्ण झाल्याचं फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी तिथून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरला जोडून देऊ शकतात, म्हणजे तपासणारा हात गावात आणि डॉक्टर पडद्यावर. ताप बघणं, रक्तदाब घेणं, लघवीचा नमुना पाठवणं, हे तिथेच होईल. ऑपरेशन करणारे मोठे दवाखाने आणि आमचं उपकेंद्र यांनी एकमेकांची ओळख करून घ्यायची तेवढी बाकी आहे.

अडतं ते पैशाशी आणि माणसाशी. ऑपरेशनचं बिल होतं, फोनचं होत नाही, म्हणून फोन कुणाच्याच कामात धरलेला नसतो. तो बिलातच धरा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये धरा, खासगी विम्यात धरा, ट्रस्टच्या दवाखान्यांनी आपण होऊन धरावा. पहिल्या आठवड्यात एक, दहाव्या-बाराव्या दिवशी एक, सहा आठवड्यांनी एक, तीन महिन्यांनी एक. यासाठी सर्जनच कशाला हवा? शिकवून तयार केलेली नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट हे करू शकते, अडलं तर सर्जनला विचारू शकते.

आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल, तर भरतीच्या कागदावर सही करण्याआधी काउंटरवर विचारा : घरी गेल्यावर यांना फोन कोण करणार आणि कोणत्या तारखेला? नाव आणि तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. ‘काही वाटलं तर तुम्हीच करा’ असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.